बेवारस भुतं

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेत भुताखेतांच्या सिनेमांचा हंगाम सुरू होतो. ३१ तारखेला हॅलोविन. दारात कोरलेले भोपळे ठेवायचे, मुलांनी चेटकिणी नि सांगाडे होऊन गोळ्या-चॉकलेटं मागत घरोघर फिरायचं, आणि ती दमून झोपली की मोठ्यांनी दिवे मालवून एखादा भयपट लावायचा. नव्याला तोटा नसतो; दर वर्षी याच सुमाराला नवे भयपट थेटरांत लागतात. पण घरी पाहायला माणसं काढतात ते बहुतेकदा जुनेच, शेवट पाठ असलेले. सणाच्या दिवशी ताटात पुरणपोळीच हवी असते, तसं काहीसं.

मी पुण्यात राहतो. इथे ऑक्टोबर म्हणजे उकाडा आणि दिवाळीची झाडलोट. तरी या दिवसांत मीही हे सिनेमे पाहतो, बरीच वर्षं पाहत आलोय, आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. ते घाबरवतात म्हणून आहेच. पण ते आपल्यापर्यंत पोचले कसे, याचं मला जास्त अप्रूप वाटतं. यांतले कितीतरी सिनेमे मालकांनी जपले म्हणून टिकलेले नाहीत. कुणाला नष्ट करण्याचा हुकूम निघाला, कुणाला कात्री लागली, कुणाचा हक्क कागदावरच्या एका चुकीने हातचा गेला. ते बेवारस झाले, आणि ज्याला हवे त्याचे झाले.

जर्मनीत १९२२ साली एफ. डब्ल्यू. मुर्नाव यांनी केलेला 'नोस्फेरातू' घ्या. कथा ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ची, परवानगी मात्र घेतलेली नाही. नावं बदलली, काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक केला, एवढंच. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली. तिची बाजू न्यायाची होती. नवऱ्यामागे उरलेलं मोठं धन म्हणजे ते पुस्तक. १९२५मध्ये निकाल लागला: सिनेमाच्या सगळ्या प्रती नष्ट करा. निर्मात्या कंपनीचं दिवाळं तोवर वाजलेलं होतं, आणि काही प्रती देशाबाहेर पांगल्या होत्या. त्या वाचल्या. जिन्याच्या भिंतीवरून चढत जाणारी ती लांब बोटांची सावली आज आपण पाहतो, ती कोर्टाच्या हुकमातून निसटलेली आहे. आणि रक्तपिपासू पिशाच उन्हाने मरतं ही जी आज पोरासोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट, ती स्टोकरची नव्हेच; त्याचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडू शकतो. ती या सिनेमाची देणगी. सगळ्या प्रती खरोखर नाहीशा झाल्या असत्या, तर आपल्या भुतांचे नियमसुद्धा आज वेगळे असते.

'फ्रँकेन्स्टाइन'ची गोष्ट कात्रीची. जेम्स व्हेल यांच्या १९३१च्या या सिनेमात तळ्याकाठचा एक प्रसंग आहे. मरिया नावाची छोटी मुलगी एकटीच खेळतेय. झाडीतून तो राक्षस येतो. ती घाबरत नाही. त्याचा हात धरून काठावर नेते, आपल्या हातातली फुलं त्याला देते. दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात. बोरिस कार्लॉफचा तो जड पापण्यांचा चेहरा उजळतो, सबंध सिनेमात असा क्वचितच. मग फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे पाहतो, मुलीकडे पाहतो. तीही फुलासारखीच सुंदर, तेव्हा तीही तरंगेल. तो तिला उचलून पाण्यात टाकतो, आणि ती वर येत नाही असं दिसल्यावर गोंधळून, घाबरून झाडीत पळत सुटतो.

सेन्सॉरवाल्यांना हे सोसलं नाही. मग पुढली कित्येक वर्षं प्रेक्षकांनी पाहिलं ते इतकंच: फुलं संपतात, राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, आणि चित्र तुटतं. नंतर बाप तिचं प्रेत हातांवर घेऊन गावात येतो. मधल्या त्या तुटीत पाहणाऱ्याच्या मनात काय काय आलं असेल! न कळून झालेला अपघात कापून टाकला आणि त्या जागी काहीतरी किळसवाणं आपसूक उभं राहिलं. अजाण जीव सैतान ठरला. कापलेला तुकडा १९८०च्या दशकात पुन्हा जोडला गेला. आज हा प्रसंग पाहताना भीती वाटत नाही, पोटात तुटतं. भयपट माणसाला निर्दय करतात म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग एकदा शांतपणे पाहायला सांगतो.

हे सगळं घराघरांत शिरलं टीव्हीमुळे. १९५७मध्ये युनिव्हर्सलचे ५२ जुने सिनेमे 'शॉक' या नावाने एकगठ्ठा टीव्ही केंद्रांसाठी बाहेर आले. स्टुडिओच्या लेखी तो गोदामातला जुना माल. गावोगावच्या केंद्रांनी ते रात्री उशिराच्या वेळेत लावले आणि मध्ये बोलायला आपलाच कुणी माणूस भूत बनवून बसवला. लॉस एंजेलिसमध्ये मायला नुर्मी ही नटी व्हँपायरा नावाने हे काम १९५४पासूनच करून गेली होती. फिलाडेल्फियात जॉन झॅकर्ली आले. पिट्सबर्गमध्ये १९६३पासून 'चिलर थिएटर' घेऊन बिल कार्डिल. वडीलधारी झोपल्यावर आवाज बारीक करून हे कार्यक्रम पाहणारी एक अख्खी पिढी तिथे वाढली, आणि तिच्यातलेच काही पुढे दिग्दर्शक झाले.

त्यांतले एक जॉन कार्पेंटर. त्यांच्या १९७८च्या 'हॅलोविन'मध्ये सणाच्या रात्री मुलं टीव्हीवर काय पाहतात? १९५१चा 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड'. पडद्यावरच्या मुलांच्या पडद्यावर भूत, आणि खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडे, खरा मारेकरी उभा. (चारच वर्षांनी कार्पेंटर यांनी त्याच मूळ कथेवरून आपला 'द थिंग' केला.) पैसे बेताचे, तीन लाख डॉलरांच्या आसपास. मारेकऱ्याचा मुखवटा दुकानातून दोन डॉलरांच्या आत आणलेला, तोही 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा. पांढरा रंग फवारला, डोळ्यांची भोकं मोठी केली, आणि ओळखीच्या चेहऱ्यातली सगळी माणुसकी पुसून गेली. संगीत कार्पेंटर यांचं स्वतःचं, पाच मात्रांचं. कान चौथ्या मात्रेवर विसावायला जातो आणि तिथे आणखी एक ठोका येऊन पडतो.

गोष्ट इलिनॉयमधल्या काल्पनिक हॅडनफील्ड गावातली, ऐन पानगळीतली. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात, वसंतात. झाडं हिरवीगार. म्हणून कागदाची पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की पिशव्यांत भरायची, पुढच्या गल्लीत पुन्हा पसरायची. नीट पाहिलं तर एखाद्या चौकटीत ताडाची झाडंही दिसतात. मला ती पानं फार आवडतात. त्यांच्यामागे वाकून पानं गोळा करणारी माणसं दिसतात.

योगायोग असा, की दहा वर्षं आधी जॉर्ज रोमेरो यांनी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये याच्या नेमकं उलट केलं. त्यातला भाऊ सुरुवातीलाच कुरकुरतो की आठ वाजले तरी उजेड आहे. म्हणजे घड्याळं पुढे करायचे वसंतातले दिवस. आणि कबरस्तानाचे ते शॉट घेतलेत हिवाळ्याच्या तोंडाशी. जमिनीवर वाळकी पानं, आभाळ राखाडी, झाडं उघडीबोडकी. ऋतू खोटा आहे हे मन टिपत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे अंगाला जाणवतं.

या सिनेमावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. रोमेरो पिट्सबर्गमध्ये जाहिराती करत. मुलांच्या लाडक्या मिस्टर रॉजर्सच्या कार्यक्रमासाठी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेची फिल्मही त्यांनी केली होती. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून सुरुवात केली. पुढे जमवत जमवत खर्च सव्वा लाखाच्या आत राहिला. पाडायला काढलेलं एक शेतघर मिळालं. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप, कृष्णधवल चित्रात ते चालून जातं. निर्मात्यांपैकी कार्ल हार्डमन यांनीच तळघरातल्या भित्र्या बापाचं काम केलं आणि त्यांच्या मुलीने आजारी पोरीचं. टीव्हीवर बातमी देणारा वार्ताहर म्हणून बिल कार्डिल खुद्द उभे राहिले. शनिवारच्या रात्रीचा आपला माणूस गंभीर चेहऱ्याने सांगतोय की मेलेले उठलेत. पिट्सबर्गकरांना तेव्हा कसं वाटलं असेल!

पहिलं भूत पहिल्यांदा दिसतं ते भर उजेडात. बहीण-भाऊ वडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवायला आलेत. मागे दूरवर एक उंच माणूस थडग्यांमधून अडखळत येतोय. आला असेल कुणी आपल्या माणसाच्या भेटीला, असंच आपल्यालाही वाटतं. कॅमेरा त्याच्याकडे बोट दाखवत नाही. भयपटातली मला माहीत असलेली ही सर्वांत धीट सुरुवात आहे.

सिनेमाचं नाव आधी 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' होतं. वितरकाने ते बदललं, नवी नावपट्टी घातली, आणि तीवर हक्काची सूचना टाकायची राहिली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात ती सूचना नसली की हक्क संपला. सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. रोमेरो आणि मंडळींच्या हक्काचे पैसे बुडाले, हे वाईटच. पण मग कुठल्याही टीव्ही केंद्राने तो फुकट दाखवला, कुणीही कॅसेट काढून विकली, आणि आज मी पुण्यात बसून तो राजरोस, चोरी न करता पाहू शकतो. हर्क हार्वी यांच्या १९६२च्या 'कार्निव्हल ऑफ सोल्स'चंही असंच. कॅन्ससमध्ये शैक्षणिक फिल्म करणारा हा माणूस. सॉल्ट लेकच्या काठी ओस पडलेला एक जलसामहाल त्याने पाहिला आणि सुट्टी काढून सिनेमा केला. थेटरांत तो कुणी विचारला नाही. रात्रीच्या टीव्हीने त्याला जगवलं.

आपल्याकडे नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिली, तेव्हा अमेरिकेतल्या छोट्या गावाची भीती मराठी गावात सहज रुजली. गाव कुठलंही असो, शेजारी एका रात्रीत परका होऊ शकतो ही ती भीती. रोमेरोंच्या शेतघरातही बाहेरच्या मुडद्यांपेक्षा आतल्या माणसांची भांडणं जास्त जीव घेतात. त्या घरात शहाणपणाने वागणारा माणूस म्हणजे बेन. ते काम केलं ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने. संहितेत बेनच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. रोमेरो सांगत की चाचणीत जोन्स सर्वांत सरस ठरले. मूळचा रांगडा ट्रकचालक जोन्स यांनी आपल्या बोलण्याने शिकलेला, तोलून वागणारा माणूस केला. शेवट बदलून बेनला वाचवावं असाही विचार झाला होता. जोन्स यांनीच विरोध केला. इतकं सगळं घडून गेल्यावर असा गुळमुळीत शेवट कृष्णवर्णीय प्रेक्षकांना नको असेल, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून सिनेमात रात्र संपते, पहाट होते, मदतीला माणसं येतात, बंदुका आणि कुत्री घेऊन. बेन खिडकीशी येतो. ते त्याला भूत समजतात, किंवा समजून घ्यायची तसदी घेत नाहीत, आणि डोक्यात गोळी घालतात. एप्रिल १९६८मध्ये रोमेरो तयार प्रत गाडीत घालून न्यूयॉर्कला निघाले होते, तेव्हा वाटेत रेडिओवर बातमी लागली: मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली.

पुढचे फोटो मला दर वर्षी तितकेच जड जातात. हलतं चित्र थांबतं आणि खरबरीत, वर्तमानपत्री ठशाची स्थिरचित्रं येतात: मांसाला लावतात तसले आकडे, बेनचा चेहरा, ओढत नेणारे हात, सरपण. त्यावरच नावं येत राहतात. २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने सिनेमा मूळ निगेटिव्हवरून नीट करून घेतला, त्यामुळे आता हे सगळं स्वच्छ दिसतं. ती प्रत मिळाली तर तीच लावा. आणि गोळीचा आवाज झाला की पुष्कळजण उठतात, दिवे लावतात, पाणी प्यायला जातात. तसं करू नका. शेवटचं नाव जाईपर्यंत बसा.