पुरेसें कीं अपुरें?

आमच्या शाळेच्या दिवसांत प्रत्येक गणिताचा शेवट उत्तरांत होत असे. पुस्तकाच्या शेवटीं छापलेल्या आंकड्याशीं तें जुळलें म्हणजे पाटी पुसावी. हल्लीं बँकांच्या नोकरीच्या परीक्षांतून एक निराळ्या जातीचें गणित विचारतात. "माहितीची पर्याप्तता" हें त्याचें भारदस्त नांव. एक प्रश्न, त्याखालीं दोन विधानें. आणि विचारावयाचें तें इतकेंच कीं, उत्तर काढण्यास पहिलें विधान एकटें पुरतें, दुसरें एकटें पुरतें, दोन्ही मिळून पुरतात, कीं मिळूनहि पुरत नाहींत? यांत दुसरें विधान वाचतांना पहिलें मनांतून साफ काढून टाकावें लागतें. संसारी माणसांस हें फार जड जातें!

रँग्लर परांजपे यांच्या या जिल्ह्यांत हिशेबाची हौस कांहीं नवी नव्हे. परंतु आमच्या माजघरांत हा प्रकार आला तो धाकट्या पुतणीच्या वहींतून. ती येथें रत्नागिरीसच राहून परीक्षेची तयारी करीत आहे. तिनें घातलेलें एक गणित मोठें मासलेवाईक होतें. २०११ च्या जनगणनेंत रत्नागिरी जिल्ह्यांत सात वर्षें व त्यावरील वयाच्या माणसांत साक्षरता शेंकडा ८२.१८ भरली, पुरुषांची ९०.९३ आणि स्त्रियांची ७४.५५. एवढ्यावरून या वयाच्या स्त्रिया अधिक कीं पुरुष, हें सांगतां येईल काय? लोकसंख्येचा तर एकहि आंकडा दिलेला नाहीं. आमच्या दादांनीं "मुळींच नाहीं" असा निकाल देऊन वर्तमानपत्र उघडलें. पण वाचकांनीं क्षणभर थांबून पाहावें. दोन्ही संख्या समान असत्या, तर सरासरी बरोबर मध्यावर, म्हणजे ८२.७४ वर, पडली असती. ती त्याहून खालीं, स्त्रियांच्या आंकड्याकडे, झुकली आहे. त्या अर्थीं स्त्रियाच अधिक. त्याच जनगणनेंत जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. घरोघरचे पुरुष मुंबईस चाकरीला, हें आपणां सर्वांस ठाऊकच आहे. पण ती गोष्ट साक्षरतेच्या तीन टक्क्यांत दडून बसलेली असेल, असें कोणास वाटलें असतें?

याहून फसवे टक्के म्हणजे "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असे मोघम सांगितलेले. त्यांचा प्रसंग आमच्यावर आंब्याच्या बागेच्या निमित्तानें आला. ही हापूसची बाग तिघां भावांची. धाकटा भाऊ आतां नाहीं. त्याचा तिसरा वांटा भावजयीकडे जातो, व पुतणीच्या शिक्षणाचा खर्च त्यांतूनच चालतो. बाग खंडानें देण्याचा सर्व व्यवहार तोच पाहत असे. पहिल्या खंडाच्या खालीं उतरावयाचें नाहीं, हा त्याचा शब्द घरांत सर्वांनीं पाळलेला. अडचण ही कीं, तो पहिला आंकडा त्याच्यामागें कोणासच ठाऊक नव्हता.

यंदा बागवान ओटीवर येऊन बसला. मोहोरावर तुडतुडा पडतो, फवारणी महागली, असें सांगून तो म्हणाला, "दादा, दुसऱ्या खेपेस मीं शेंकडा वीस ते तीस वाढवून दिलें होतें. आतां त्यांतले शेंकडा वीस कमी घ्या. पहिल्याच्या खालीं कांहीं तुम्ही जात नाहीं." दादांस तें पटलें. वीस वाढले, वीस उतरले; फिटंफाट!

पुतणीनें पाटाशीं बसून मांडलें: पहिला खंड शंभर धरूं. वीस वाढले तर १२०. त्याचा पांचवा हिस्सा गेला, राहिले ९६. तीस वाढले तर १३०, आणि राहिले १०४. एक टोंक शंभराच्या खालीं, दुसरें वर. "माहिती अपुरी आहे," ती म्हणाली. "वाढ चौथाईहून कमी कीं अधिक, एवढेंच कळलें तर पुरे. मूळ आंकडा नको."

तेव्हां भावजय, जी आमच्यासमोर सहसा बोलत नाहीं, आंतून म्हणाली, "भावोजी, त्या वर्षीं चौथाई वाढ मागितली होती. तेवढीहि मिळाली नाहीं, म्हणून घरीं बोलणें झालें होतें."

तिला आंकडा मुळींच आठवत नव्हता. पण प्रश्न तेथें सुटला. चौथाईहून कमी अशी कोणतीहि वाढ घ्या, तिच्यांतून शेंकडा २० उतरले कीं आपण शंभराच्या खालीं गेलों. दादा मात्र कागद सांपडल्यावांचून मानावयास तयार नव्हते, व आठ दिवस त्यांनीं माळ्यावरील पेट्या उपसल्या.

पुतणीचें दुसरें म्हणणें मला त्याहून मोलाचें वाटलें. वाढ निदान वीस होती, हें बागवान स्वतःच्या तोंडानें बोलला होता. तेवढें खरें धरलें, तर १२० मधून सहावा हिस्सा, म्हणजे शेंकडा १६⅔, सोडला तरी शंभर उरतात. तेथपर्यंत सोडण्यास कागदाची गरज नाहीं. आम्हीं शेंकडा १५ सोडण्याचें कबूल केलें. बागवानानें थोडी कुरकूर केली, सुपारी कातरली, आणि मान हालविली. या खेपेस करारांत खंड अंकीं व अक्षरीं दोन्ही लिहिला आहे, आणि त्याची एक प्रत भावजयीच्या कपाटांत आहे.