कूलंटवरची साय

सकाळी कापूस भरायच्या आधी थंड पिकअपचं झाकण उघडलं, तर कूलंटवर तपकिरी साय. पोरगा म्हणे, हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलू. मी डिपस्टिक पाहिली. ऑइल स्वच्छ, पण पातळी उतरलेली. पांढरा धूरही नाही. मग ऑइल कूलरवर संशय. चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्याहून जास्त, म्हणून ऑइलच पाण्यात शिरतं. मेकॅनिकने कूलर हवेच्या दाबावर तपासला; बुडबुडे निघाले.

कूलर बदलला. थर्मोस्टॅट काढून, कमी फेसाची धुण्याची पावडर गरम पाण्यात घालून चार वेळा धुतलं. फुगलेले होज बदलले, थर्मोस्टॅट बसवून नवं कूलंट भरलं.

पोरगा घाण पाणी नाल्यात सोडत होता. ड्रममध्ये धरायला लावलं. नाला पांझरेला मिळतो, आणि आपली विहीर नाल्याकाठीच आहे.