एका ओळीची माणसं

१९६९ साली मॅकमिलनने ‘बेसबॉल एन्सायक्लोपीडिया’ काढला. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या सामन्यात जो एकदा तरी उतरला, त्याला त्या जाडजूड ग्रंथात जागा मिळाली. बेब रूथच्या नावाखाली आकड्यांचे रकानेच्या रकाने, तर कुणाच्या नावापुढे एकच ओळ आणि तीत बहुतेक शून्यं. मला ही एका ओळीची माणसं जास्त खुणावतात. त्या ओळीच्या आधी दहा-बारा वर्षांची मेहनत असते आणि नंतर उरलेलं सगळं आयुष्य.

*

आर्ची ग्रॅहम. २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सकडून सामन्याच्या शेवटी शेवटी मैदानाच्या उजव्या बाजूला क्षेत्ररक्षणाला उभा राहिला. फलंदाजीत पुढचा नंबर त्याचाच होता, तेवढ्यात डाव आटोपला. मेजर लीगमध्ये तो पुन्हा खेळला नाही. मिनेसोटातल्या चिझम या खाणींच्या गावात डॉक्टर म्हणून गेला आणि तिथलाच झाला. शाळेतल्या मुलांच्या कित्येक पिढ्या त्याच्या हाताखालून गेल्या. मुलांच्या रक्तदाबावरचा त्याचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १९६५ साली तो गेला. पुढे डब्ल्यू. पी. किन्सेला या कादंबरीकाराला एन्सायक्लोपीडियात ती ओळ दिसली आणि ग्रॅहम ‘शूलेस जो’ कादंबरीत आला. तिथून ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ सिनेमात. लोक त्याला न मिळालेल्या फलंदाजीसाठी ओळखतात. चिझमच्या लोकांनी त्याला जसं ओळखलं, ते मला अधिक मोलाचं वाटतं.

*

जॉन पॅचोरेकची गोष्ट उलटी. २९ सप्टेंबर १९६३, हंगामाचा शेवटचा दिवस. ह्यूस्टनच्या संघात अठरा वर्षांचा हा पोरगा मेट्सविरुद्ध उतरला. पाच वेळा फलंदाजीला आला. तीन हिट, दोनदा वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे पहिल्या तळावर मोफत जाणं), म्हणजे एकदाही बाद नाही. स्वतः चार धावा केल्या, तीन करवून दिल्या. पाठ आधीपासूनच दुखत होती. पुढच्या वर्षी मणक्याची शस्त्रक्रिया झाली. खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्ये तो काही वर्षं झगडला, पण वरचं दार पुन्हा उघडलं नाही. एवढ्या हिट घेऊन कारकिर्दीची सरासरी १.००० राखलेला दुसरा कुणी नाही. पुढे कॅलिफोर्नियात त्याने वर्षानुवर्षं शाळेत पीटी शिकवली.

*

लॅरी याउंट, १५ सप्टेंबर १९७१. पिचर म्हणून नाव पुकारलं गेलं, तो मैदानात आला आणि सरावाचे चेंडू टाकता टाकता कोपर दुखायला लागलं. एकही खरा चेंडू न टाकता तो परतला. नाव पुकारलेलं असल्यामुळे नियमाप्रमाणे तो सामना त्याच्या खाती जमा झाला. दुसरा कधी झालाच नाही. त्याचा धाकटा भाऊ रॉबिन वीस हंगाम खेळला, ३,१४२ हिट घेऊन हॉल ऑफ फेममध्ये गेला. दोघं एकाच घरातले.

*

काहींच्या वाट्याला ती एक ओळही येत नाही. स्टीव्ह डालकोव्स्कीइतका वेगवान चेंडू आपण पाहिला नाही, असं त्याच्या काळातले जाणते सांगत. वेग मोजायचं यंत्र तेव्हा मैदानावर नव्हतं. १९६० साली मायनर लीगमध्ये त्याने २६२ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि बरोबर २६२ वॉक दिले. १९६३ च्या वसंतात, बाल्टिमोरच्या मुख्य संघात जागा जवळजवळ पक्की झालेली असताना, हाताला दुखापत झाली. नंतर शेतमजुरी आणि दारू. २०२० मध्ये कोविडने गेला.

*

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ मध्ये चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. दिनेशला २०१० मध्येच मोकळं केलं. रिंकू दुखापतींशी झुंजत टिकून राहिला, पण मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांपलीकडे जाता आलं नाही; शेवटी व्यावसायिक कुस्तीकडे वळला. सिनेमा त्यांच्या निवडीवर निघाला. खरी कसोटी त्यानंतरच्या बसप्रवासांत आणि तुटपुंज्या पगारात होती.

*

आता अशा छोट्या कारकिर्दींच्या पैशाचं. १९८० च्या करारानंतर मेजर लीगच्या संघात ४३ दिवस काढले की पेन्शन लागू होते. त्याआधी चार वर्षं लागत. १९४७ ते १९७९ दरम्यान खेळलेल्या आणि चार वर्षं न भरलेल्या खेळाडूंना हा बदल मागच्या तारखेपासून लागू केलाच नाही. २०११ मध्ये त्यांच्यासाठी दर ४३ दिवसांमागे ६२५ डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त १० हजार, अशी रक्कम ठरली. पुढे थोडी वाढ झाली. पण ही पेन्शन नव्हे. माणूस गेला की बंद, बायकोच्या हाती काही नाही. ते खेळत होते तेव्हा खेळाडूंची संघटना उभी राहत होती. संप आणि वाटाघाटींचा धोका त्यांनीही पत्करला होता. त्या लढ्याचं फळ आजचे खेळाडू खातात. उरलेल्या म्हाताऱ्यांना, आणि गेलेल्यांच्या बायकांना, पूर्ण पेन्शन द्यायला हवी. उशीर आधीच फार झाला आहे.