मागच्या बाकावरील माणूस

लष्करांतून जखमी होऊन परतलेल्या माझ्या दादाला आमच्या घरीं पहिला प्रश्न विचारण्यांत आला तो, "कोणत्या लढाईंत रे लागलें?" हा. विचारणारी आमची आत्या. वयानें ऐंशीच्या घरांत. आणि लष्कर म्हणजे लढाई व लढाई म्हणजे गोळी, एवढाच तिचा हिशेब. पाठीला पट्टा बांधलेला दादा ओसरीवरच्या खुर्चींत ताठ बसून राहिला. बोलला कांहींच नाहीं. आम्हीही, खरें सांगावयाचें तर, जरा ओशाळलों. त्याला गोळी लागली नव्हती. तो ट्रकमध्यें बसला होता, इतकेंच.

तो ट्रक उलटलाही नव्हता. डोंगराळ मुलुखांतल्या एका कोरड्या नाल्यांतून जातांना पुढचीं चाकें खड्ड्यांतून कशींबशीं वर आलीं, तोंच मागचीं आंत आदळलीं. मागच्या फळीवर बसलेले जवान वर उडाले आणि बसल्या स्थितींतच खालीं आपटले. दादाचा एक मणका चेपला. वर्षभर वहिनी रात्रीं दोनदां उठून त्याला कूस बदलून देत असे.

डॉक्टरांनीं मला जें समजाविलें तें मी विसरलों नाहीं. गाडी हांकणाऱ्याला खड्डा दिसतो, हातांत चक्र असतें, अंग आपोआप सावरतें. मागच्यांना दिसते ती ताडपत्रीच्या तोंडांतून मागें पडत जाणारी धूळ. आपटतांना वरच्या शरीराचा सारा भार कण्यावर येतो. आणि जेथें बरगड्यांनीं जखडलेला पाठीचा भाग संपून कमरेचा लवचिक भाग सुरू होतो, तेथले मणके बहुधा प्रथम दगा देतात. गाडी उलटली तर मोकळ्या पेट्या व हत्यारेंही आंतल्या माणसांवरच येतात.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. त्यांच्या दणक्यांशीं संबंध जोडून १९४४ सालीं एका शल्यवैद्यानें माकडहाडाजवळच्या एका गळवाला 'जीपरोग' असेंच नांव दिलें! हें हंसण्यावारी नेतां येईल, पुढचें नाहीं. १९६० नंतरच्या त्यांच्या नव्या जीपगाड्या वेगांत वळतांना इतक्या सहज उलटत, कीं निकामी झाल्यावर त्या नागरिकांस न विकतां कापून टाकीत. २०२१ मध्यें तेथील सरकारी लेखापरीक्षकांनीं हिशेब मांडला: २०१० ते २०१९ या आर्थिक वर्षांत भूसेना व मरीन दल यांच्या वाहनांचे, लढाई सोडून, ३,७५३ अपघात, मृत्यू १२३, पैकीं ६३ टक्के गाडी उलटून. कारणांत चालकाचें दुर्लक्ष, देखरेखींतील ढिलाई, अपुरें शिक्षण. शत्रूचें नांव कोठेंच नाहीं.

२४ डिसेंबर २०२४ रोजीं पूंछ जिल्ह्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांना नेणारें वाहन दरींत कोसळून पांच जवान गेले. ती बातमी आम्हीं सर्वांनीं माजघरांत एकत्र पाहिली. आत्या आतां नाहीं; पण माझ्या धाकट्यानें नेमका तिचाच प्रश्न केला, "काका, तुम्हांला कोणत्या लढाईंत लागलें?" वहिनीनें त्याला डोळ्यांनीं दटावलें.

"लढाई नव्हती, बाळ," दादा म्हणाला. "मी मागच्या बाकावर होतों."

मग त्या दिवशीं त्याच्या शेजारीं आणि समोर कोण कोण बसलें होतें, तीं नांवें त्यानें एकेक करून, गांवांसह सांगितलीं. आम्हीं तीं प्रथमच ऐकलीं.