पुरचुंडी

२०१२ साली पुण्यात आलो तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर, तिघांच्या खोलीत, मला एक कॉट मिळाली आणि खिडकीखालचा हातभर कट्टा. क्लासची फी भरली आणि मेसचे पैसे संपले. घरी, बार्शीकडे, त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. मागायचं कुणाकडे? जुन्या बाजारातून कॉइलची शेगडी आणली, एक पातेलं, एक तवा.

पहिल्या दिवशी उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं. गुठळ्या झाल्या, आत कोरडं पीठ तसंच. तेच खाल्लं. रात्री आईला फोन केला.

"आधी गार पाण्यात कालव रे. मग फोडणीत ओत, आणि ढवळायचं थांबवू नको."

"पाणी किती?"

"अंदाजाने."

त्या शब्दाची मला भीती वाटायची. अंदाज चुकायचा तर डब्यात धान्य असावं लागतं. माझं आठवड्याचं सामान मोजून आणलेलं. भाकरीने तर रडवलंच. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो. गरम पाण्याने, तळहाताच्या जोराने मळत राहिलं नाही तर थापताना कडा फाटतात.

मला तारलं ते मटकीने. निघताना आईने पिशवीत अर्धा किलो मटकी घातली होती, आणि सोबत तिच्या जुन्या सुती साडीचं फडकं. रात्री वाटीभर मटकी भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची आणि पातेल्यात झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी उचलली की हाताला ऊब लागे. पांढरे मोड फडक्याच्या विणीतून बाहेर डोकावत असत. वाटीभर मटकीची दोन-अडीच वाट्या झालेली, नुसत्या पाण्यावर! त्या खोलीत माझ्या मालकीचं दुसरं काहीच असं वाढत नव्हतं. किती वेळ मी ते मोड बघत बसायचो.

मग कांदा, लसूण, चिमूटभर हळद, घरचा काळा मसाला. पहिल्या दिवशी कोरडी उसळ. उरलेल्या उसळीत पाणी वाढवून दुसऱ्या दिवशी रस्सा, त्यात शिळी भाकरी कुस्करलेली. मंडईत दिवेलागणीनंतर गेलं तर मेथीची जुडी स्वस्तात मिळे. त्या दिवशी सण.

पाणी वाढवताना एकदा हात आपोआप थांबला. तेव्हा आईचा अंदाज मला कळला. स्वयंपाकघरात ती सतत मोजत असायची: जेवायला किती जण, पहिल्या तारखेला किती दिवस, डब्यात डाळ किती. आम्हाला तो हिशेब कधी ऐकू आला नाही, कारण ताटात कमी कधी पडलं नाही.

तुमच्या घरातून कुणी शिकायला बाहेर निघालं असेल, तर त्याच्या पिशवीत मटकी घाला. आणि एक मऊ, वापरलेलं सुती फडकं.