मदरबोर्डाची पारख

सरकारी खरेदीत निविदेची दोन पाकिटे असतात. पहिल्यात वस्तूचा तांत्रिक तपशील, दुसऱ्यात दर. पहिल्याची छाननी करून जे पुरवठादार कसोटीस उतरतील त्यांचेच दुसरे पाकीट उघडायचे आणि त्यांतला कमीत कमी दर स्वीकारायचा, असा रिवाज. राज्य शासनाच्या सेवेत ही छाननी आम्ही अनेक वर्षे केली. निवृत्तीनंतर तीच विद्या संगणकाचा मदरबोर्ड घेताना कामी येईल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

संगणक बदलणे भाग होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि आमच्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ रीतसर चढेना. हैदराबादेतील कित्येक जुन्या मराठी घरांप्रमाणे आमच्याही घरी आजोबांच्या वेळची मोडीतली आणि निजामी अमलातली उर्दू कागदपत्रे आहेत. घड्यांवर कागद तुटू लागला आहे. ती स्कॅन करून ठेवण्याचे काम हाती घेतले होते, ते अडले. निवृत्तिवेतनात बसेल आणि सात-आठ वर्षे कुरकुर न करता चालेल, असे यंत्र हवे होते. आमची पुतणी अभियांत्रिकीला आहे. ती म्हणाली, "काका, तयार घेऊ नका. सुटे भाग आणू आणि घरीच जोडू."

सुट्या भागांत मदरबोर्डाची गोष्ट निराळी. मेमरी बिघडली तर मेमरी बदलता येते, डिस्क भरली तर दुसरी लावता येते. परंतु कोणता प्रोसेसर बसेल, कोणती मेमरी चालेल, हे बोर्डच ठरवतो. काही वर्षांनी तो गेला आणि त्याच सॉकेटचा दुसरा बाजारात मिळाला नाही, तर सोबतचे धडधाकट भागही निरुपयोगी होतात. म्हणून इथे वाचवलेले हजार रुपये पुढे अनेक हजारांना पडू शकतात.

सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये आम्ही दोघे दोन दुपारी हिंडलो. पहिल्याच दुकानात एच६१ चिपसेटचा 'नवाकोरा' बोर्ड फार स्वस्तात पुढे आला. तो चिपसेट २०११ सालचा. त्यावर डीडीआर३ मेमरी लागते आणि त्याच्या काळचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. पहिल्या पाकिटातच तो बाद झाला. दुसरीकडे रंगीबेरंगी दिवे लावलेला बोर्ड दाखवण्यात आला. आम्हांला मोडी कागद पाहायचे होते, रोषणाई नव्हे.

अखेर एकाच कंपनीचे, ए५२० चिपसेटचे दोन बोर्ड उरले. किमतीत दीड हजारांचे अंतर. खोक्यावरचा मजकूर जवळजवळ सारखाच. मग फरक कशाचा? पुतणीने बोट ठेवले ते प्रोसेसरच्या सॉकेटशेजारच्या पट्टीवर. पुरवठ्याच्या पेटीतून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतो साधारण सव्वा व्होल्ट. ही उतरण बोर्डावरचे छोटे घटक करतात. ६५ वॉटचा प्रोसेसर सव्वा व्होल्टवर पूर्ण जोराने चालला तर प्रवाह होतो ५२ अँपिअर. आपल्या घरातल्या हजार वॉटच्या इस्त्रीला साडेचार अँपिअरही लागत नाहीत! एवढा प्रवाह वाहणारे घटक तापणारच. महाग बोर्डावर त्यांच्या माथ्यावर उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा होता, स्वस्तावर ते उघडेच होते.

उष्णतेचा हा मुद्दा आम्हांला नवा नव्हता. १९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या अनेक बोर्डांवरचे कॅपॅसिटर सदोष द्रावामुळे फुगून फुटत असत. त्या काळी घेतलेल्या आमच्या एका यंत्रातही चार कॅपॅसिटरांच्या टोप्या पुरीसारख्या वर आल्या होत्या. तो बोर्ड कोणाचा होता, ते सांगण्याचे आता कारण नाही. आज स्वस्त बोर्डांवरही बहुधा घन पॉलिमरचे कॅपॅसिटर असतात, ते तसे फुगत नाहीत. तरी विद्युत घटकांचे आयुष्य तापमानावर ठरते, हा नियम कायम आहे. द्रव कॅपॅसिटरांबाबत तर दहा अंश उष्णता कमी झाली की आयुष्य सुमारे दुप्पट, असा अभियंत्यांचा ढोबळ हिशेब आहे. हैदराबादच्या मे महिन्यात या हिशेबाला महत्त्व येते.

आम्ही दीड हजार अधिक मोजले. ते अन्यत्र भरून काढले: जुना पडदा आणि जुना कळफलक ठेवला, वाय-फायवाला बोर्ड टाळून तारेने काम भागवले. एएम४ सॉकेट २०१६ चे असून त्यावर बसणारे प्रोसेसर पुढे कित्येक वर्षे निघत राहिले, त्यामुळे पुढेमागे बोर्ड बदलावा लागला तरी मिळण्याची आशा अधिक. दुकानदाराकडून दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या. कंपनीचे दुरुस्ती केंद्र शहरात आहे ना, आणि बोर्डावरील बायोस आमचा प्रोसेसर ओळखण्याइतके नवे आहे ना. बायोस जुने राहिले तर सारे भाग निर्दोष असूनही पडदा काळाच राहतो. आणि पुरवठ्याची पेटी नामांकित घेतली, कारण निकृष्ट पेटी उत्तम बोर्डालाही घेऊन बुडते.

अल्पमोली वस्तूत काहीतरी गाळलेले असणारच. शोभेचे गाळले असेल तर वस्तू खुशाल घ्यावी. भार वाहणारे गाळले असेल तर ती कितीही स्वस्त असो, महागच. खोक्यावर हा भेद छापलेला नसतो. तो बोर्ड हातात घेऊनच पाहावा लागतो.

यंत्र आता चालू आहे. पुतणी एकेक कागद काचेवर ठेवते, आम्ही मोडी अक्षरे लावून तिला सांगतो आणि ती फाईलला नाव देते. प्रत्येक फाईलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर जाते, कारण उत्तम बोर्डही डिस्कचे आयुष्य वाढवू शकत नाही. तिला मोडी येत नाही. परवा एका कर्जरोख्यातली तारीख मात्र तिने आमच्याआधी वाचली.