बीट धुताना

पौष लागला की मुळशीतल्या कोळवण खोऱ्यातलं धुकं वळकी नदीच्या पात्रातून वर येतं आणि नऊ वाजून गेले तरी बांधांवर रेंगाळत राहतं. भाताची झोडणी उरकलेली असते. खाचरांत इंद्रायणीची धसकटं तेवढी उभी. त्यांच्या कडेला, विहिरीच्या पाण्यावर धरलेले चार-सहा वाफे मात्र हिरवेगार असतात. मेथी, मुळा, कांद्याची पात आणि अलीकडे बीट. ज्या मावशींकडून मी भाजी घेते, त्या बीट उपटण्याआधी पानांची मूठ धरून जरा हलवून बघतात. पडायला आलेला दुधाचा दात हलवून बघावा तसं. मग एक हलका हिसका. माती सुटताना ‘पुक्’ असा आवाज येतो.

“ह्यो आवाज आला का माल झाला समजायचं, ताई,” त्या म्हणतात.

लिंबापेक्षा मोठं आणि मोसंबीपेक्षा लहान, एवढंच बीट मी उचलते. त्याहून मोठी जून होतात, आत दोर धरतात. पाट्यावर वाटायच्या काळात तेही चाललं असतं. कच्चं प्यायचं तर कोवळंच हवं.

होय, प्यायचं. माझा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे आणि न्याहारी पेल्यातून करतो. त्याला तो स्मूदी म्हणतो. हिंजवडीचे काचेचे मनोरे आणि ताम्हिणीचं जंगल एकाच मुळशी तालुक्यात आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. आमच्या घरात ते दोन्ही एकाच ओट्यावर भेटतात. पहिल्यांदा मी बीटाच्या फोडी तशाच मिक्सरमध्ये टाकल्या. भांडं खडखडलं, अर्ध्या फोडी पात्याखाली अडकल्या आणि उरलेलं जे झालं त्याचा घोट घेऊन मुलगा म्हणाला, “आई, माती पितोय असं वाटतंय.”

मला राग आला होता. पुढे कळलं की तो अक्षरशः खरं बोलला होता.

बीटाला जो वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसात तापलेल्या मातीतून जो दरवळ उठतो, त्यातही हेच द्रव्य असतं. मातीतले सूक्ष्म जीव ते तयार करतात आणि पावसाचे थेंब आदळले की ते हवेत उधळतं. माणसाचं नाक या वासाला विलक्षण तिखट. एक अब्ज थेंब पाण्यात त्याचा एक थेंब पुष्कळ झाला. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि त्यांचे सहकारी थॉमस यांनी पावसाच्या त्या वासाला पेट्रिकोर असं नाव दिलं. आपल्या कनौजचे अत्तारी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून मातीचं अत्तर काढून कुपीत भरत आले आहेत.

ताम्हिणीत पावसाळ्याचा आकडा बहुतेक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथे जूनमधला पहिला तास ज्याने अनुभवला आहे, त्याला मी काय म्हणते ते कळेल. करवंदीच्या जाळ्या, कातळ, गुरांच्या वाटा, सगळं एकदम श्वास सोडतं. तो श्वास सहा महिन्यांनी, ऐन थंडीत, एका लालबुंद मुळात बंद होऊन माझ्या ओट्यावर येतो. आणि गंमत अशी की तो मातीकडून उसना घेतलेला नाही. निर्जंतुक जागी, मातीचा स्पर्शही न होऊ देता वाढवलेल्या बीटाच्या रोपांतही शास्त्रज्ञांना जिओस्मिन सापडलं. म्हणजे बीट हा वास स्वतःच घडवतं. का, कशासाठी, ते त्याचं त्याला ठाऊक. मी आपली हात जोडते.

तर माती धुवायची. घरी आणल्याबरोबर आधी पानं कापून वेगळी करायची, कारण ती मुळातलं पाणी ओढत राहतात आणि बीट लुळं पडतं. दोन बोटं देठ मात्र ठेवायचा. पानं टाकायची नाहीत. बीट पालकाचंच भावंड आहे. लसणाची फोडणी देऊन त्याची भाजी पालकाइतकीच छान होते, देठ तर जास्तच गोड. मग घमेल्यात पाणी घेऊन बीटं दहा मिनिटं बुडवून ठेवायची आणि नारळाच्या शेंडीने घासायची. बाजारात यासाठी ब्रश मिळतात, पण शेंडी खळग्यांत शिरते तशी ती प्लॅस्टिकची बोटं शिरत नाहीत. शेवटी देठाकडचा टोपीसारखा भाग आणि खालची शेपटी कापायची. साल सोलाण्याने पातळ काढायची. मातीचा वास सालीतच सर्वांत जास्त असतो, त्यामुळे ज्याला तो सोसत नाही त्याने साल जरा जाड काढावी. शिजवताना हेच उलट, तिथे साल राखायची म्हणजे रंग पाण्यात उतरत नाही. कच्च्याचे नियम वेगळे.

मग आडवा छेद घ्यायचा, आणि इथे मी दर वेळी थांबते.

आत वर्तुळं असतात, गडद आणि फिकी, एकाआड एक. झाडाच्या खोडातली वर्तुळं वर्षं मोजतात, तशी ही नव्हेत. अवघ्या दोन-अडीच महिन्यांत बीट एकामागून एक वाढीची कडी उघडत जातं आणि प्रत्येक कड्यात साखर साठवतं. इतकी, की १७४७ साली बर्लिनच्या मार्ग्राफने बीटातून साखरेचे खडे काढून दाखवले आणि युरोपला उसाशिवाय साखर मिळण्याची वाट उघडली. आम्हा ऊसवाल्यांच्या मुलखात ही गोष्ट फारशी कुणी कौतुकाने सांगत नाही. पण बीट ही साखर आपल्यासाठी साठवतच नाही. ते दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या वर्षी पोट भरायचं, कडक थंडी सोसायची आणि दुसऱ्या वर्षी ते सगळं फुलावर उधळायचं. मुळशीची थंडी त्याला पुरत नाही आणि आपण तेवढी वाट बघतही नाही. मावशींनी इतक्या वेळा बीट लावलं, बीटाचं फूल त्यांनी पाहिलेलं नाही. मीही नाही. सुरीखाली येतो तो त्या न पाहिलेल्या फुलाचा शिधा.

फोडी मिक्सरमध्ये टाकू नका, हा माझा खडखडाटातून मिळालेला धडा. आधी किसणीवर किसायचं. किसाला आपलंच पाणी सुटतं, मग मिक्सर कुरकुर करत नाही. माणशी एका लहान बीटाचा अर्धा भाग पुरे. कीस, वाटीभर ताजं दही, अर्धं केळं, चिमूटभर मीठ. मीठ का, तर बीटाचा रानटी पूर्वज भूमध्य समुद्राच्या आणि युरोपच्या किनाऱ्यांवर, खाऱ्या वाऱ्यात वाढतो. मीठ पडलं की बीट माहेरी गेल्यासारखं खुलतं. गाळायचं नाही. चोथ्यासकट प्यायचं.

आणि शेवटी चमचाभर कोकमाचं आगळ. ते ताम्हिणी घाट चढून कोकणातून येतं. आंबटाने जिओस्मिन मोडतं आणि मातीचा वास मवाळ होतो, म्हणून जगभर बीटात लिंबू पिळतात. मला कोकम आवडतं त्याचं कारण निराळं आहे. बीटाचा लाल आणि कोकमाचा लाल हे दोन वेगळ्या घराण्यांतले रंग. जांभूळ, करवंद, कोकम, जास्वंद एका बाजूला. बीट, लाल माठ, राजगिरा, परसातली गुलबक्षी, कुंपणावरची बोगनवेल आणि फड्या निवडुंगाचं बोंड दुसऱ्या बाजूला. हे दोन्ही रंग एकाच झाडाने केल्याचं आजवर कुठे आढळलेलं नाही. जे कुठल्या झाडात एकत्र नांदलं नाही, ते सकाळी साडेसातला आमच्या काचेच्या पेल्यात नांदतं. आगळ मात्र चमचाभरच घालायचं. वास मवाळ व्हावा, मरू नये. मुलगा आता तक्रार करत नाही. उलट एकदा कोकम जास्त झालं तर म्हणाला, “आज पाऊस नाही पडला.”

तब्येतीचं थोडक्यात. बीटातल्या नायट्रेटचं काम जिभेवरच्या जिवाणूंपासून सुरू होतं, त्यातून पुढे रक्तवाहिन्या सैलावतात. मुतखड्याची खोड असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून प्यावं, कारण ऑक्झलेट भरपूर. आणि काहींना दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी होते. पहिल्यांदा माझ्या मुलाची बोबडी वळली होती. तो बीटाचाच रंग असतो, एक-दोन दिवसांत ओसरतो. बीट न खाता तसं दिसलं तर मात्र दवाखाना गाठावा.

राहिलं घमेल्यातलं पाणी. बीटं काढून घेतली की ते काही वेळ गढूळ असतं, मग तळाशी बोटभर तांबूस गाळ बसतो. हा गाळ कुठला, याचा विचार मी पूर्वी करत नव्हते. आता या मातीची गोष्ट आठवते. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांचं धरण बांधायचं ठरलं, तेव्हा इथली भाताची सर्वांत कसदार खाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळातली माणसं, बायका-पोरांसकट, त्या जमिनीवर सत्याग्रहाला बसली. सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. धरण व्हायचं ते झालं. पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात गेलं, मुंबईचे दिवे लागले आणि ती माती अजून तळाशी आहे. वर उरली तिच्यात मावशींचे वाफे आहेत.

म्हणून एवढं करा. बीट धुतलेलं पहिलं पाणी मोरीत सोडू नका, कढीपत्त्याच्या कुंडीत ओता.